वडनेरच्या चौकात व्हायोलिन

हवा कोरडी झाली की व्हायोलिनच्या खुंट्या धरत नाहीत. नीट स्वरात लावून ठेवलेली तार दुसऱ्या दिवशी ढिली पडलेली असते आणि खुंटी बोटांत नुसती गरगर फिरते. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेत थंडी आल्याचं बाकीच्यांना बाजारातल्या हिरव्या तुरीच्या शेंगांवरून कळतं, मला या खुंट्यांवरून कळतं. यंदाही तसंच कळलं. खुंटीला खडू घासत ओसरीत बसले होते, तेवढ्यात व्हायोलिनच्या पेटीच्या निळ्या मखमलीतून मेथीचा वास वर आला. गेल्या हिवाळ्यापासून तो तिथं मुरलेला आहे. वास आला आणि माझे कान तापले. मला शरम वाटते ती कधी डोळ्यांत येत नाही, गालांवर येत नाही. आधी कान तापतात, मग बाकीची मी.

गेल्या हिवाळ्यात आमची गाडी सकाळी भाजी वाहायची आणि दुपारनंतर आम्हाला. बाबांचा जुना मेटाडोर. पहाटे त्यात पालक, मेथी, फुलकोबी आणि सांभाराच्या ओल्या जुड्या भरायच्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. बाजार आटोपला की गाडी धुवायची, मागचा आणि बाजूचे फाळके खाली सोडायचे, वर फळ्या टाकायच्या, सतरंजी अंथरायची, खुर्च्या मांडायच्या. झाला रंगमंच. फळ्या खडखडू नयेत म्हणून बाबांनी खाली कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती दाबून बसवली होती. खुर्च्यांचे पाय सुतळीनं बांधायच्या आधी त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "तुहा हात कोन्या बाजूनं जाते वं? म्हंजे बाजूवाल्याले लागाले नको." मी हवेत गज ओढून दाखवला. ते दोन पावलं मागं गेले, माझा हात कुठवर जातो ते पाहिलं आणि खुर्ची थोडी सरकवली. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर हात हलवला तो असा, व्हायोलिन नसतानाच.

आम्ही चौघं. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला म्हणजे त्यांची जाड आवाजाची थोरली बहीण, आणि एक चेलो, बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य. समोर काठी घेऊन हातवारे करणारा कुणी नसतो. एकमेकांच्या श्वासाकडे पाहायचं आणि सुरू करायचं. या प्रकाराला चेंबर म्युझिक म्हणतात. खोलीतलं संगीत. इंग्रजी शाळेत असताना हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मला तो आवडला, आणि खरं सांगायचं तर संगीतापेक्षा खोलीमुळे आवडला. दार लावलेलं, माणसं मोजकी, सगळे एकमेकांकडे तोंड करून बसलेले. त्यातही मी दुसरं व्हायोलिन वाजवायचे. पहिल्याची धून पुढे जाते, दुसरं तिच्या सावलीत चालतं. ते थांबलं तर काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं, पण काय कमी झालं हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. माझ्यासारखीला याहून चांगली जागा कुठली?

चेलो वाजवणारी मैथिलीताई नागपूरची. पहिलं व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणारे दोघे भाऊही तिथलेच. लोक सभागृहात येत नाहीत तर आपण त्यांच्या रस्त्यावर जाऊ, ही मैथिलीताईची कल्पना. सगळ्यांना आवडली, म्हणून मलाही आवडली. मग गाडीचा विषय निघाला. मी तारा पुसायला घेतल्या. पण त्याच्या आधीच्या तालमीला मी पेटी उघडली तेव्हा आतून सांभाराची एक काडी फरशीवर पडली होती आणि ताईनं ती उचलून हुंगली होती. "तुझ्या बाबांकडे गाडी आहे ना गं?" तिनं विचारलं. खोटं बोलायला मला वेळ लागतो, तेवढा वेळ तिनं दिला नाही.

वर्ध्याच्या गल्ल्यांतून गाडी हळूहळू जायची. बाबा चालवायचे. एखादा रुंद कोपरा पाहून थांबवायचे, मागच्या चाकाला दगड लावायचे आणि आपण पुन्हा केबिनमध्ये जाऊन समोर बघत बसायचे. लोक जमायचे ते संगीतासाठी नाही, गाडीसाठी. आमच्याच वस्तीत एका काकूंनी गॅलरीतून विचारलं, "कोन्या पार्टीची गाडी हाय बाप्पा?"

खालच्या दुकानदारानं सांगितलं, "प्रचार नाई, काकू. बाजा हाय."

"मंग नवरदेव कुठी हाय?"

"येऊन राह्यला असन मांगून. घोडं अडलं असन."

सगळे हसले. दोघे भाऊही हसले. मी तारांकडे पाहत बसले, कारण त्या काकू मला लहानपणापासून ओळखतात आणि त्यांनी अजून मला ओळखलं नव्हतं. मग ओळखलं. "अवो, हे तं भाजीवाल्याची पोरगी! काऊन वं, शाळा शिकून हे करून राह्यली काय?" त्यात वाईट काही नव्हतं. खरोखरच विचारत होत्या. तेवढ्यात ताईनं श्वास घेतला, म्हणजे सुरू करायचं होतं.

खोलीतलं संगीत रस्त्यावर आलं की त्याचं सगळ्यात आधी जे हरवतं ते म्हणजे हळू वाजवणं. तालमीत आम्ही एका जागी आवाज इतका खाली न्यायचो की गजाचे केस तारेवर टेकल्याचं ऐकू यायचं. रस्त्यावर नेमक्या त्याच जागी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची, नाहीतर गाडी मागं घेतानाचं ते पिंपिं. पण कधीकधी उलटंही व्हायचं. वाकून पाणी भरणारी एखादी बाई तशीच थांबायची, बादली भरून वाहायची, आणि तिच्या ते लक्षातही यायचं नाही. अशा वेळी मला आनंद होण्याऐवजी ओशाळल्यासारखं व्हायचं. तिच्या खोलीत मी न विचारता शिरले आहे, असं.

आणखी एक गोष्ट त्या हिवाळ्यातली. घरी मी वऱ्हाडी बोलते. शाळेत इंग्रजी बोलले. या तिघांशी बोलताना मात्र पुस्तकातली मराठी बोलायचे, जरा इंग्रजी मिसळून. एकदा वाजवून झाल्यावर बाबा मागं आले आणि म्हणाले, "आवरता काय आता? सांभार पान्यात ठेवून आलो हाय."

मी म्हणाले, "हो बाबा, आवरतोच आहोत आम्ही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मैथिलीताईकडे वळून, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाले, "आपण… निघूया का मग?" बाबा असं कधी बोलत नाहीत. माझ्यासाठी त्यांनी ती मराठी अंगावर चढवली होती, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखी, आणि ती त्यांना काखेत घट्ट होत होती. परत येताना मी मागं फळ्यांवरच बसले. केबिनमध्ये त्यांच्या शेजारी जागा होती.

वडनेरला जायचं ठरलं ते आत्यामुळे. बाबांची धाकटी बहीण तिथं दिलेली. तिचं घर चौकातच आहे. फोनवर म्हणाली, "शहराईतच फिरता काय? आमच्या गावातई आना ना तो बाजा. मले बी पाहू द्या माह्या भाचीले." तिच्या आवाजात असा दिमाख होता की बाबा लगेच हो म्हणाले.

आमच्याकडे बहिणीच्या सासरी द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. माझे आजोबा तर आत्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत, तहान लागली की गावच्या विहिरीवर जात. बाबा चहा घेतात, पण रिकाम्या हातानं कधी गेले नाहीत आणि तिथून कधी कांद्याची पातही आणली नाही. आत्या काही बांधून द्यायला लागली की म्हणतात, "राहू दे वं, जागा नाई गाडीत." रिकाम्या गाडीपुढं उभं राहून म्हणतात. त्या दिवशीही फुलकोबीनं भरलेली थैली घेऊन ते आत गेले आणि आम्ही चौकात फाळके सोडले.

दुपार कलली होती. कापूस वेचून आलेल्या बाया, पारावरची माणसं, शाळेतून सुटलेली पोरं, सगळे आले. आम्ही एका परदेशी रचनेचा संथ भाग घेतला. त्यात दुसऱ्या व्हायोलिनला फार काम नसतं, एकच स्वर लांब धरून ठेवायचा असतो. माझी उघडी पेटी फळीच्या कडेला, गाडीच्या मागच्या अंगाला होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला आत्याच्या घरातून एक म्हातारी बाहेर येताना दिसली. हातात सूप, डोक्यावर पदर, पाय उचलत नव्हते तरी घाई होती. आत्याच्या सासूबाई. लग्नाकार्यात मी त्यांच्या पाया पडलेली, पण त्यांना आता जवळचंच दिसतं.

आमच्या भागात पूर्वी हिवाळ्यात, धान्य घरात आलं की, किंगरीवाले यायचे. करवंटीवर कातडं ताणून केलेलं लहानसं वाद्य, त्यावर गज फिरवायचा आणि दारोदार गायचं. गाणं झालं की घरातली बाई सुपातून धान्य आणून त्यांच्या झोळीत घालायची. किंगरीवाले आता फारसे येत नाहीत. आत आपल्या जागी बसलेल्या म्हातारीच्या कानावर गजाचा आवाज पडला आणि ती उठली. ती गाडीपाशी आली, माझ्या पेटीत सुपातली ज्वारी ओतली, आणि कपाळ फळीला टेकवून नमस्कार केला.

निळ्या मखमलीवर ज्वारी. मी स्वर धरून होते. मला ते फार सुंदर दिसलं, हेही सांगायला हवं.

तेवढ्यात बाबा आणि आत्या दारात आले. "अवो मावशी!" बाबा ओरडले. "काय करून राह्यल्या? आपलीच पोरगी हाय थे!"

वाजवणं थांबलं. म्हातारीनं मान वर केली. "कोनाची?"

"माही. तुमच्या सुनेच्या भावाची."

दारामागून आत्याची मोठी जाऊ हसली. "घ्या. आतापर्यंत सुनेचं माहेर थैल्या भरून आनत होतं, आता सुपात घ्यायले आलं."

लोक हसले. नेहमीसारखंच, वाईट मनानं नाही. पण आत्या आत निघून गेली. म्हातारीच्या हातातलं सूप कलंडलं आणि उरलेली ज्वारी मातीत सांडली. ती तिथंच बसली आणि दाणे वेचायला लागली, चेहरा जमिनीच्या अगदी जवळ नेऊन. "मले दिसलं नाई बाप्पा. मी आपल्याच पोरीले भीक घातली," असं स्वतःशी म्हणत. बाबाही वाकून वेचायला लागले. गाडीवर उंचावर खुर्चीत मी तशीच बसलेली, हातात गज. खाली उतरावं हे सुचलं तोवर दाणे वेचून झाले होते.

परतीच्या वाटेवर मैथिलीताई म्हणाली, आजवर मिळालेली सगळ्यात सुंदर दाद होती ती. मी मान हलवली. बहिणीचं सासर म्हणजे काय, हे मी तिला कुठल्या भाषेत सांगणार होते?

ती ज्वारी आईनं घरात घेतली नाही. टाकूनही देता येत नव्हती, कारण दिलेलं धान्य कुणी टाकत नाही. परतही करता येत नव्हती. शेवटी तिनं ती गच्चीवर पाखरांना पसरली. बाबांनी फळ्या सोडल्या आणि गोठ्यामागं उभ्या करून ठेवल्या. "गाडीले आता काम हाय," म्हणाले. उन्हाळा लागेपर्यंत गाडीला काम होतं.

नंतर पुष्कळदा मी स्वतःला विचारलं की मला शरम वाटली ती नेमकी कशाची. मागणारी समजलं गेलं, त्याची? पण सबंध हिवाळाभर आम्ही मागतच तर होतो. रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न बोलता म्हणायचं, थांबा, काम सोडा, माझ्याकडे कान द्या. आम्ही त्याला देणं म्हणत होतो. एका म्हातारीनं आम्हाला बरोबर ओळखलं, आणि ओळखल्याबद्दल तिलाच खाली मान घालावी लागली. शरम तिथं होती. पण हे कळूनही कान तापायचे थांबले नाहीत.

यंदा थंडी पडली तसा ताईचा निरोप आला, गाडी मिळेल का म्हणून. मी उत्तर दिलं नाही. मग आत्याचा फोन आला, बाबांना. ते शेतात होते, मी घेतला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर मी तिच्या सासूचं, आजींचं, विचारलं.

"बरी हाय," आत्या म्हणाली. मग थांबली. "पन दारात येत नाई आता. त्या दिवसापासून सूपच हाती घेतलं नाई तिनं. परवा एक एकतारीवाला आलता, तं मले म्हने, जा तूच घाल. मी देल्लं का मानसाचा अपमान होते म्हने."

"आन मोठी काकू, तुही जाऊ? बोलते काय तुले?"

"बोलते ना. आली गेली बोलतेच. त्याचं काई नाई, मी बी बोलतो तिले. पन म्हातारी अशी भिंतीले टेकून बसून राह्यते, दारावर कोनी गायलं का कानावर पदर घेते, थे पाहवत नाई वं मले. जनमभर थे काम तिचंच होतं."

संध्याकाळी बाबा अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. मी त्यांच्याजवळ बसून बांधायला लागले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"जाऊन काय करशीन?"

"वाजवीन."

"आन थे बाहेरच नाई आली तं?"

मी पुढची जुडी ओढली. दुसऱ्या दिवशी बाजारातून आल्यावर ते गोठ्यामागून फळ्या ओढून काढत होते. एक फळी वाळवीनं खाल्ली होती, तिच्या जागी त्यांनी नवीन ठोकली. मी ताईला कळवलं, गाडी आहे.

वडनेरच्या चौकात या वेळी गर्दी कमी होती. आत्याची जाऊ दाराला टेकून उभी. दारातून आतली भिंत दिसत होती आणि भिंतीशी म्हातारी. आम्ही तोच संथ भाग घेतला. मी लांब स्वर धरला आणि तिच्याकडेच पाहत राहिले. तिनं कानावर पदर घेतला नाही. मग हळूहळू सरकत उंबरठ्यापर्यंत आली आणि तिथं बसली. हात रिकामे होते, मांडीवर ठेवलेले. वाजवून संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पांगायला लागले. ती तशीच बसून होती.

मी खाली उतरले. हातात व्हायोलिन तसंच. चौक ओलांडताना सगळे बघत होते, ताई, दोघे भाऊ, जाऊ, दाराच्या आत उभी असलेली आत्या. मनात एक वाक्य नीट जुळवून आणलं होतं, पुस्तकातलं. उंबरठ्याशी पोहोचले तर ते नव्हतंच. जे होतं ते निघालं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आजी, ज्वारी आली ना घरात? मंग मले काई देनार नाई काय?"

म्हातारीनं चेहरा जवळ आणून मला पाहिलं. "तू तं आपली हाय ना वं?"

"हाव. पन वाजवलं ना."

"चांगली रीत काढली," जाऊ म्हणाली.

म्हातारीनं तिकडे लक्ष दिलं नाही. "तुहा बाप रागावन," ती मला म्हणाली, हळूच.

मी मागं वळून पाहिलं नाही. केबिनचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग चपला. बाबा येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. त्या घरातून कधी काडी न घेतलेला माणूस. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला, दोन्ही हातांनी पसरून धरला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "थैली नाई आनली, मावशी. याच्यातच घाला."

माझे कान तापलेलेच होते. बाबांचेही लाल झालेले मला दिसले. म्हातारीनं चौकटीला धरलं, उठली, आणि भिंतीला हात लावत आत अंधारात गेली. आम्ही दोघं दारात उभे होतो. आतून ज्वारीच्या कोठीचं पत्र्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.